अंदाजाने शिवलेला फ्रॉक

४ जून

आई,

नमस्कार. पत्र वाचायला घेण्याआधी मशीनवरून पाय काढा आणि खुर्चीत नीट बसा. घाबरण्यासारखं काही नाही, पण मागे एकदा माझं पत्र वाचता वाचता तुम्ही एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या होत्या, ते मी विसरलेले नाही.

फोनच केला असता. पण फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि शेवटी "बरं, ठेवते" एवढंच काय ते दोघींना ऐकू येतं. महत्त्वाचं ते कागदावर, हा आपला जुना करार आहे.

तर महत्त्वाचं असं. खालच्या मजल्यावरच्या काकू ऑगस्टअखेर घर सोडून मुलीकडे राहायला चालल्या. शाळा तीनला सुटते, आमचं चष्म्याचं दुकान सातला बंद होतं. मधले चार तास भिंगरी काकूंकडे असायची, हे तुम्हाला माहीत आहेच. शाळेतच एक पाळणाघर आहे, तिथे एक जागा रिकामी आहे आणि बाईंनी ती वीस ऑगस्टपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवली आहे. पण माझ्या एकटीच्या पगारात तिथली फी बसत नाही. मी दोनदा बसवून पाहिली, दोन्ही वेळा महिनाच लहान पडला.

आता जे लिहिते ते रागावून लिहीत नाही. घटस्फोट झाला तेव्हा तुमच्या मुलाने भिंगरीच्या खर्चाचं सगळं तोंडी कबूल केलं आणि मीही मोठ्या तोऱ्यात म्हणाले, कागद कशाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पहिलं वर्ष त्याने शब्द पाळला. हे वर्षभर पैसे नाहीत, पत्र नाही, फोनही बंद. म्हणून मी ठरवलं आहे की मुलांच्या खर्चाचं काम बघणारं जे सरकारी कार्यालय आहे, तिथे रीतसर अर्ज करायचा. त्या अर्जात त्याचा पत्ता लागेल आणि तो कुठे काम करतो तेही. तुम्हाला माहीत असेल तर कळवा.

तुमच्याच मुलाविरुद्धच्या अर्जासाठी तुमच्याकडेच पत्ता मागायचा, हे मला किती अवघड जातंय ते सांगत नाही. पण वीस ऑगस्टपर्यंत हे जमलं नाही, तर भिंगरीला तुमच्याकडे पाठवण्यावाचून मला मार्ग राहणार नाही. तुम्ही तिला डोक्यावर घ्याल, याची खात्री आहे. मला मात्र ती इथे हवी आहे, आई. संध्याकाळी घरी आल्यावर दार उघडायच्या आत तिची बडबड ऐकू येते, तेवढ्यावर माझा दिवस निघतो.

शाळेच्या कार्यक्रमासाठी तिला पिवळा फ्रॉक हवा आहे. मापं पुढच्या पत्रात पाठवते.

तुमची
सून


११ जून

सूनबाई,

खुर्चीत बसूनच वाचलं. बाह्यांचं प्रकरण आता पुरे, त्या माणसाने तो शर्ट दोन वर्षं घातला आणि त्याच्या लक्षातही आलं नाही.

अर्ज कर. बेलाशक कर. मला काय वाटेल म्हणून पेन थांबवू नकोस. आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे खरं, पण दात चुकला तर त्याला आपणच सांगायला हवं. ज्याने मूल जन्माला घातलं त्याने त्याच्या दुधाला आणि दप्तरालाही हातभार लावायचा, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? तुझे सासरे असते तर त्यांनीच तुला अर्ज लिहून दिला असता, आणि त्यात चार चुका काढून तू तो परत लिहिला असतास.

पत्त्याचं म्हणशील तर मला ठाऊक नाही. गेल्या वर्षी फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करत होता, तेवढं मला माहीत. पुढचं तो सांगत नाही आणि मी विचारत नाही.

भिंगरी इकडे आली तर मला जड नाही, हे तू लिहिलंसच. खिडकीजवळची जागा मी मोकळी केली आहे. उगीच पडलेल्या गाठोड्यांनी अडली होती. तिथे सकाळचं ऊन येतं, मुलीला अभ्यासाला बरं. पलीकडच्या गल्लीत शाळा आहे आणि तिथल्या मुख्याध्यापिकेचे कपडे माझ्याकडेच असतात, म्हणजे प्रवेशाची काळजी नको. हे आपलं सांगून ठेवते. तुझं मन तुझं.

अर्ज भरताना घाई करू नकोस. दोनदा मापावं, एकदा कापावं.

तुझी
सासू


२२ जून

आई,

आज अर्धी रजा काढून कार्यालयात जाऊन आले. आधी वाटलं होतं, कुणीतरी कपाळाला आठ्या घालून विचारेल, नवरा का टिकला नाही. तसं कुणी काही विचारलं नाही. लाकडी बाकं, भिंतीवर घड्याळ, आणि माझ्यापुढे अकरा जण. त्यातला एक तर चक्क बाप होता, मूल त्याच्याजवळ आणि आई परगावी. म्हणजे हा अर्ज फक्त बायकांचा, ही माझी समजूत तिथल्या तिथे गेली.

चार नंबरच्या खिडकीवर एक बाई बसतात. चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि तो डोळ्यांवर चढवला की डावीकडे घसरणार. मला राहवेना. पर्समध्ये छोटा स्क्रू ड्रायव्हर असतोच. म्हटलं, एक मिनिट द्या. दांडीचा स्क्रू आवळला, नाकावरची पट्टी सरळ केली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं की आज डोळे तपासायचंही काम आहे का इथे. पण बाईंनी अर्ज वाचायला घेतला तो पहिल्यांदाच मान वाकडी न करता.

अर्ज आठ पानांचा आहे. भिंगरीचा जन्मदाखला, ती माझ्याजवळ राहते याबद्दल शाळेचं पत्र, घटस्फोटाचा कागद, माझ्या पगाराची पावती, हे सगळं माझ्याजवळ होतं. सहाव्या पानावर अडले. तिथे दुसऱ्या पालकाची माहिती विचारतात. सध्याचा पत्ता, कामाचं ठिकाण, मालकाचं नाव. मी म्हटलं, यातलं काहीच माहीत नाही, म्हणजे अर्ज फुकट का? बाई म्हणाल्या, फुकट नाही. शेवटचा जो पत्ता माहीत असेल तो लिहा, जुना कारखाना लिहा, नातेवाईक लिहा. शोध आम्ही घेतो. फक्त त्याला तीन-चार महिने लागतात. पत्ता हातात असेल तर आठवड्यात त्याला नोटीस जाते, दोघांना समोरासमोर बसवतात, आणि दोघं एका आकड्यावर आले तर त्याच दिवशी कागद होतो.

तीन-चार महिने म्हणजे वीस ऑगस्ट केव्हाच निघून जाईल. माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असावा. मी आपली पुटपुटले, की कुणापुढे हात पसरायची सवय नाही हो. त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हा पैसा तुमचा नाही आणि त्याचाही नाही. मुलीचा आहे. तिला अजून सही करता येत नाही म्हणून तुम्ही आलात."

बाहेर येऊन जिन्यात पाच मिनिटं बसून राहिले. आई, वर्षभर मागायची जी लाज वाटत होती ती त्या एका वाक्याने गेली. सहावं पान कोरं ठेवून अर्ज घरी आणला आहे. तीस जुलैपर्यंत दिला तर चालेल म्हणाल्या. तुम्हाला काही आठवलं, कुणा मित्राचं नाव, काहीही, तर कळवा.

भिंगरी मजेत आहे. शाळेचं रंगकाम सुट्टीत संपायचं ते अजून चालू आहे, त्यामुळे रोज बोटांना पिवळा रंग लावून येते. सध्या तिच्या प्रत्येक चित्रात एक शिडी असते आणि शिडीवर एक माणूस. मी विचारलं, हा आग विझवणारा का? तर म्हणाली, हो, तसंच समज. सहा वर्षांची मुलगी आणि "तसंच समज" म्हणते. ही भाषा तुमच्याकडून आली आहे.

मापं याही वेळी राहिली. इंचटेप तिने बाहुलीला पट्टा म्हणून लावला होता, तो बाहुलीसकट सापडत नाही. शोधून पाठवते.

तुमची
सून


३० जून

सूनबाई,

फ्रॉक आजच पार्सलने पाठवला. कार्यक्रम जवळ आला असेल म्हणून मापांसाठी थांबले नाही, अंदाजाने शिवला. चाळीस वर्षं शिवतेय, स्वतःच्या नातीचं माप मला डोळे मिटून येतं.

त्या खिडकीवरच्या बाई शहाण्या दिसतात. त्यांना माझा नमस्कार सांग आणि चष्म्याची दोरी बदलायला सांग. बाकी पत्त्याबद्दल मला काही आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. म्हातारपणी आठवण तशी कमीच होते. परवा तर चष्मा डोळ्यांवर असताना घरभर शोधला. तू चष्मेवाली, तुला हसू येईल.

इकडे सगळं ठीक. एक छोटं टेबल घेतलं, खिडकीजवळ मावेल असं. सुतार म्हणाला, आजी, तुम्हाला हे बुटकं पडेल. म्हटलं, पडू दे. पलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सहज आल्या होत्या, त्यांच्याशी सहज बोलणं झालं. ऑगस्टमध्येही प्रवेश देतात म्हणाल्या. सहजच विचारलं होतं.

पावसाळी हवा आहे, जपून राहा. भिंगरीला उगीच प्रश्न विचारून त्रास देऊ नकोस, मुलं काहीबाही चित्रं काढतात.

तुझी
सासू


८ जुलै

आई,

फ्रॉक मिळाला. अतिशय सुंदर झाला आहे. भिंगरीने तो घालून इतक्या गिरक्या घेतल्या की शेवटी पलंगावर आपटली, आणि उठून परत घेतल्या.

आता माझं नीट ऐका. मी काचा घासून पोट भरते. केसाएवढा फरक राहिला तर माणसाचं डोकं दुखतं, हे मला दिवसातून वीस वेळा बघावं लागतं. मी तो फ्रॉक तिच्या अंगावर उलटासुलटा करून पाहिला. तुम्ही तिचं शेवटचं माप घेतलंत मागच्या हिवाळ्यात, जेव्हा आपण तिघी सर्दीने आडव्या होतो. त्यानंतर ती तीन बोटं वाढली. फ्रॉकची उंची बरोबर तीन बोटं वाढलेली आहे. दोन नाही, चार नाही. छाती बरोबर. गळा बरोबर. आणि तिचा डावा खांदा दप्तरामुळे जरासा खाली उतरला आहे, जो मलाच मागच्या महिन्यात दिसला, तोसुद्धा तुम्ही शिवणीत सांभाळून घेतला आहे.

अंदाजाने?

मी भिंगरीला फक्त एवढंच विचारलं, की तुझं माप कुणी घेतलं गं. तिने दोन्ही हातांनी तोंड बंद केलं. मग बोटांच्या फटीतून म्हणाली, "मी वचन दिलंय." मी पुढे काही विचारलं नाही. सहा वर्षांच्या मुलीने वचन पाळायचं आणि मोठ्यांनी ते मोडून घ्यायचं, हे मला जमणार नाही. म्हणून तुम्हाला विचारते.

तो भेटतोय तिला. कुठे, कसा, ते मला माहीत नाही. पण तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही मला दोन पत्रांतून नाही म्हणून लिहिलंत. तुमच्या मुलाशी माझं पटलं नाही, पण तुमच्याशी माझं कधी बिनसलं नाही, कारण आपण एकमेकींना तोंडावर बोललो, भांडलो, पण खोटं नाही बोललो. पत्ता द्यायचा नसेल तर देऊ नका. आई आहात, मी समजेन. पण देत नाही असं लिहा. ठाऊक नाही असं लिहू नका.

आज मला तुमचा खूप राग आला आहे, आणि फ्रॉक इतका सुरेख आहे की नीट रागावताही येत नाही.

सून


१५ जुलै

पोरी,

तुझ्या पत्रात सहीच्या वर "तुमची" नव्हतं. ते मी चार वेळा वाचलं.

ठाऊक आहे. पहिल्यापासून ठाऊक होतं. आता सगळं लिहिते, मधे काही गाळत नाही.

मागच्या वर्षी त्याचा फर्निचरचा कारखाना बंद पडला. त्याने कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्याच्या बापाचा स्वभाव, तोच त्याच्यात उतरला. मित्राच्या खोलीत राहिला, मिळेल ते काम केलं, आणि पाठवायला काही नाही म्हणून फोनच बंद करून टाकला. मार्चमध्ये माझ्याकडे आला तो असा वाळून, की मी दारातच ओरडायचं ठरवलं होतं ते विसरले आणि आधी जेवायला वाढलं. मग ओरडले. पोटभर ओरडले.

मेमध्ये एका रंगाऱ्याच्या टोळीत त्याला काम मिळालं. आणि त्या ठेकेदाराने त्याला कुठे पाठवावं? भिंगरीच्या शाळेत. मागची भिंत रंगवायला. तू सकाळी तिला पुढच्या फाटकात सोडून दुकानाकडे पळतेस, दुपारी काकू तिला पुढूनच नेतात, म्हणून तुम्हाला दिसला नाही. भिंगरीला मात्र जूनमध्ये शाळा भरली त्याच्या तिसऱ्या दिवशी घसरगुंडीवरून दिसला. तिने "बाबा" म्हणून अशी हाक मारली, की सगळा वर्ग त्याला हात करायला लागला. तिच्या बाईंनी रजिस्टरमध्ये नाव पाहिलं आणि मधल्या सुट्टीत दहा मिनिटं, त्यांच्या समोर, भेटायला परवानगी दिली. तुझा आग विझवणारा तो हाच.

तिला गप्प राहायला सांगितलं ते त्याने. मलाही. स्वतःची खोली होऊ दे, थोडं साठू दे, मग मी भरल्या हाताने जाईन, असं म्हणाला. मला तेव्हा ते पटलं. आता पटत नाही.

मापं त्यानेच पाठवली. भिंतीवर रेघ आखायचा दोरा असतो ना, त्याचा तुकडा. उंचीला एक गाठ, छातीला एक, खांद्याला एक, आणि डाव्या खांद्यासाठी एक वेगळी बारीक गाठ. तो दोरा पाकिटात घालते आहे. बापाने हे बरोबर पाहिलं, एवढं त्याच्या खात्यात लिही.

आता दुसरं. हे लिहायला मला पहिल्यापेक्षा जड जातंय. मी फक्त त्याच्यासाठी गप्प राहिले नाही. तू पहिल्या पत्रात लिहिलंस, की नाही जमलं तर भिंगरी इकडे येईल, आणि माझ्या मनात आलं, की नाहीच जमलं तर बरं. सहावं पान कोरं राहील, वीस तारीख निघून जाईल, आणि खिडकीजवळ एक पोर बडबड करत बसेल. हे मनात आलं आणि मी टेबल घेऊन आले. लाज वाटते. पण आलं ते आलं. घर फार शांत असतं गं. मशीन थांबवली की काहीच ऐकू येत नाही.

त्याचा पत्ता आणि ठेकेदाराचं नाव खाली लिहिलं आहे, ठसठशीत अक्षरात, म्हणजे खिडकीवरच्या बाईंना चष्मा नसला तरी वाचता येईल. साक्षीदार लागला तर माझं नाव घाल. त्याला मी आजच कळवते आहे, की आईने फितुरी केली, पोटभर रागाव.

सासू


२ ऑगस्ट

प्रिय आई,

आधी निकाल सांगते, म्हणजे तुम्ही पुढचं शांतपणे वाचाल. कागद झाला. पाळणाघराची जागा पक्की झाली. भिंगरी इथेच राहणार.

तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी आधी मी खूप हसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जगाला दूरचं दिसावं म्हणून मी दिवसभर काचा घासते आणि मी शोधतेय तो माणूस माझ्याच मुलीच्या शाळेच्या भिंतीवर दोन महिने लटकतोय. मग थोडी रडले. मग दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या मागे गेले.

तो शिडीवर होता. मला पाहिलं आणि खाली उतरेना. म्हणाला, रंग ओला आहे. मी म्हटलं, वाळेपर्यंत थांबते. तेव्हा उतरला, हातात ब्रश तसाच, तो कुठे ठेवावा ते कळेना. तुम्ही लिहिलंत तसा वाळला आहे. कानावर पिवळा रंग होता. मी पुष्कळ काही ठरवून गेले होते, त्यातलं निम्मं तिथेच विसरले.

"मी भरल्या हाताने येणार होतो," तो म्हणाला.

"तिला रिकामा चालला असता," मी म्हटलं. "माप घ्यायला चाललाच ना."

त्याने ब्रश रंगाच्या डब्यात ठेवला. मग मी एक गोष्ट मात्र खडसावून सांगितली, की लहान मुलीच्या डोक्यावर मोठ्यांची गुपितं ठेवायची नाहीत, पुन्हा कधीच नाही. त्याने लगेच मान्य केलं. भिंगरीला बोलावून म्हणाला, तुझं वचन संपलं. तिने एवढा मोठा श्वास सोडला आणि मग बोलायची थांबलीच नाही. शाळेची घंटा झाली तेव्हा ती जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच पोचली होती.

नोटिशीची वाट न बघता तो माझ्याबरोबर कार्यालयात आला. चार नंबरच्या बाईंनी आम्हाला एकत्र पाहून विचारलं, अर्ज मागे घ्यायला आलात का? म्हटलं, नाही, सहावं पान भरायला. त्याने ते स्वतःच्या हाताने भरलं. पत्ता, ठेकेदार, पगार, सगळं खरं. आतल्या खोलीत एका अधिकाऱ्यासमोर दोघांना बसवलं. माझी पावती, त्याची पावती, भिंगरीचा खर्च. आकड्यावर यायला पंधरा मिनिटं लागली, आणि त्यातली दहा मिनिटं आम्ही तिला दूध आवडतं की नाही यावर वाद घातला. आता दर महिन्याला त्याच्या पगारातून परस्पर रक्कम येईल. काम बदललं तर त्याने कळवायचं, कमीजास्त करायचं असेल तर पुन्हा तिथेच अर्ज करायचा. फोन बंद करायची सोय नाही.

सही झाल्यावर म्हणाला, मग आता शनिवारी ती माझ्याकडे ना? खिडकीवरच्या बाईंनी ऐकलं आणि सांगितलं, तो वेगळा अर्ज, खिडकी सहा. पैसे दिले म्हणून भेट आणि भेट नाही म्हणून पैसे नाहीत, असली देवघेव इथे चालत नाही. मग आम्ही सहा नंबरच्या रांगेतही उभे राहिलो. शनिवार त्याचा. गैरसमज नको, आई, संसार पुन्हा मांडायचा नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. पण त्या दुसऱ्या रांगेत उभं राहून त्याने मला शाळेच्या रंगाची नावं सांगितली आणि मी त्याला सांगितलं की त्याला आता जवळचा चष्मा लागणार आहे. बऱ्याच वर्षांनी आम्ही असे बोललो.

आणखी एक. सातव्या पानावर एक रकाना आहे, पालकांखेरीज मुलाची काळजी घेणारी व्यक्ती. तिथे मी तुमचं नाव लिहिलं. पुढे अर्जदाराशी नातं. मी "सासू" लिहिलं. बाई म्हणाल्या, घटस्फोट झालाय, तर "माजी सासू" लिहायला हवं का, विचारून येते. मी म्हटलं, माजी आजी असते का? त्या हसल्या, आणि विचारायला गेल्याच नाहीत.

टेबल परत करू नका. शाळेच्या प्रत्येक सुट्टीला भिंगरी तुमच्याकडे येईल, सकाळच्या उन्हात बसेल आणि तुमची मशीन थांबली तरी तुम्हाला शांतता मिळणार नाही, याची हमी मी देते. तुमच्या मनात आलं ते तुम्ही लिहिलंत, त्याच क्षणी माझा राग गेला. ते तुम्ही लिहिलं नसतंत तर मला कधी कळलंही नसतं.

फक्त एक कोडं उरलं आहे. एवढी मुरलेली बाई तुम्ही. फ्रॉक दोन बोटं सैल शिवला असतात तर मला आयुष्यात संशय आला नसता. अशी चूक तुमच्या हातून झाली कशी?

तुमची, आणि पुन्हा एकदा तुमचीच,
सून


१० ऑगस्ट

सूनबाई,

दोनदा "तुमची" मिळालं. मागची उधारी फिटली.

टेबलावर सध्या मी कापड बेतते. खरंच बुटकं आहे, कंबर धरते. भिंगरी आली की तिच्या ताब्यात देईन. मुख्याध्यापिकेला सांगितलं, की प्रवेश नको, सुट्टीत पाहुणी येणार आहे. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, की तिला सगळं आधीच समजलं होतं.

त्या रकान्याबद्दल काही लिहीत नाही. लिहायला बसले होते, पण कागद ओला झाला आणि शाई पसरली, म्हणून दुसरा घेतला.

तुझ्या कोड्याचं उत्तर देते. दोरा समोर होता, कापड पसरलं होतं. सैल शिवायचा हे ठरवूनच बसले. खडूने दोन बोटं बाहेरून रेघसुद्धा मारली. तुझी नजर मला माहीत आहे, बरोबर मापाचा फ्रॉक तुझ्या हातात पडला की तू मला पकडणार, हे मला कात्री लावायच्या आधी कळत होतं. ती रेघ बघत मी कितीतरी वेळ बसले. लेकाला शब्द दिला होता, पत्रात तुला खोटं लिहून झालं होतं, आणि खरं सांगायला तोंड उघडत नव्हतं. मग फडक्याने रेघ पुसली आणि गाठीवर गाठ धरून कापला.

चूक नव्हती गं. तुला माझ्याकडून आलेलं ते पहिलं खरं पत्र होतं.

तुझी
सासू